अक्काच्या धाब्यावरचं ऊन

अक्का गेली त्या सकाळी आमच्या धुळ्यातल्या, देवपूरच्या घरात वीज होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेलं वर्षभर आमच्या घरातल्या साऱ्या चर्चा आणि सगळी भांडणं या एकाच गोष्टीभोवती फिरली. वीज आहे का, गेली तर किती वेळ, आणि तेवढ्या वेळात अक्काचं काय... मी मधल्या खोलीत दाढी करत होतो. पलीकडून ऑक्सिजनच्या मशीनची घरघर रोजच्यासारखी ऐकू येत होती. तेवढ्यात नंदाने, माझ्या बायकोने, हाक मारली, "अहो, इकडे या जरा." आवाज अगदी हळू होता, आणि नंदा कधी हळू हाक मारत नाही. मी तोंडाला साबण तसाच ठेवून धावलो. शेजारच्या डॉक्टरांनी येऊन नाडी पाहिली, मग वाकून मशीनचं बटण बंद केलं. खोलीत एवढी शांतता पसरली की रस्त्यावरच्या भाजीवाल्याचं ओरडणं थेट अक्काच्या उशाशी आल्यासारखं वाटलं.

अक्का माझी थोरली बहीण. आई सतत आजारी, त्यामुळे मला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं. लग्न होऊन ती शिंदखेड्याजवळच्या गावी गेली आणि तिथलीच झाली. दाजी गेले, मुलगी वैशाली लग्न होऊन जळगावला गेली, तरी अक्का त्या घरातून हलली नाही. दोन खोल्या, पुढे ओटा, वर प्रशस्त धाबं. स्लॅबची गच्ची झाली तरी आमच्याकडे तिला धाबंच म्हणतात. गल्लीत सगळ्यात मोठं आणि बिनसावलीचं धाबं तिचं, म्हणून उन्हाळा लागला की सगळ्या गल्लीचे पापड, बिबडे, कुरडया तिथेच वाळायच्या. चैत्रात तिच्याकडे गेलं की जिन्यातच गव्हाच्या चिकाचा आंबूस वास यायचा, आणि वरून बायकांचं हसणं.

मग तिला दम लागायला लागला. आधी आम्ही वयावर ढकललं. धुळ्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं की फुप्फुसं आता मऊ राहिलेली नाहीत, दिवसा थोडा वेळ आणि रात्री पूर्णवेळ घरीच ऑक्सिजन द्यावा लागेल. असं ते मशीन आमच्या आयुष्यात आलं. लहान कपाटाएवढं, चाकं लावलेलं, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं. अक्काने पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'जावई' ठेवलं. चांगल्या खोलीत बसतो, रात्रभर कुरकुरतो, आणि त्याला नाराज करून चालत नाही, म्हणून जावई. वैशालीचा नवरा हे ऐकून म्हणाला होता, "सासूबाई, मला तर तुम्ही एवढा मान कधी दिला नाही." अक्का म्हणाली, "तुम्ही रातभर जागतस का मन्हासाठे?" नाकात नळी असूनही ती एवढं हसली की तिला खोकला आला.

या जावयाचं सगळं विजेवर. आणि गावची लाइट म्हणजे... वारा सुटला की जाणार, वळीव आला की जाणार, आणि काहीच नसलं तरी जाणार. जाडजूड सिलिंडर कोपऱ्यात भरून ठेवलेला होता, पण तो अडीअडचणीपुरता. वैशाली म्हणाली, आई जळगावला येऊ दे. मी म्हणालो, देवपूरला येऊ दे. आम्ही मामा-भाचीने तिच्यासमोर बसून तिच्यावर हक्क सांगितला, आणि अक्का दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. शेवटी म्हणाली, "माले कोठेच नही जानं. मन्हं घर शे ना आठे."

तेव्हा सोलरचा विषय निघाला. धुळ्यातल्या एका दुकानदाराने येऊन धाबं पाहिलं आणि खूश झाला. "सावली नाही, झाड नाही. असं छत शहरात मिळत नाही." पॅनल, बॅटऱ्या, इन्व्हर्टर. मोठी लाइट, म्हणजे खांबावरची, नसली तरी जावई रात्रभर चालेल, मात्र त्या वेळी कूलर, फ्रीज असलं काही लावायचं नाही, एवढं तो स्पष्ट बोलला. मी तरी तिला अट घातलीच. आम्ही भावंडं एकमेकांशी अहिराणीतच बोलायचो. "रातमा एक डाव जरी मशीन बंद पडनं, ते तू देवपूरले येशी. कबूल?"

"कबूल," अक्का म्हणाली. "नि नही पडनं ते?"

"ते तुन्हं घर, तुन्हं राज."

तिने माझ्या हातावर टाळी मारली. लहानपणी पैजा लावायचो, अगदी तशी.

लोक आता मला विचारतात, अक्काच्या दहाव्यालासुद्धा एका पाहुण्याने विचारलं, की घरच्या सोलरवर खरंच भागतं का, बॅटरी किती तास टिकते. मला त्याचा राग आला नाही. मीही दुकानदाराला हेच विचारलं होतं. अक्काकडे पाहून मला जे कळलं ते एवढंच, की बॅटरी किती टिकते हे बॅटरीपेक्षा घरात राहणाऱ्या माणसावर जास्त अवलंबून असतं. तिने महिनाभरात सगळं घर उन्हावर लावलं. मिक्सर, पाण्याची मोटर, इस्त्री, सगळं दुपारी, ऊन डोक्यावर असताना. शेजारचा भिकन आपला फवारणीचा बॅटरी-पंप तेव्हाच तिच्याकडे चार्जिंगला लावायचा, आणि बदल्यात रोज सकाळी धाब्यावर जाऊन पॅनल ओल्या फडक्याने पुसायचा. आमच्याकडच्या धुळीत एवढं केलंच पाहिजे. दिवस कलला की अक्का एकेक बटण बंद करत जायची. "पहिले जावई, मंग बठ्ठा," आधी जावई, मग बाकी सगळं, हा तिचा कायदा. फ्रीज बंद, टीव्ही बंद, कूलर तर तिने झाकूनच ठेवला. भर उन्हाळ्यात ती कूलरशिवाय झोपायची, आणि सोबतीला येणारी भिकनची आई पदराने वारा घेत तिला शिव्या द्यायची.

आणि मी? मी दर रविवारी जायचो, हे मी मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे मी ड्रिल घेऊन जायचो. बॅटरीवरचं ड्रिल मी तिच्याच घरासाठी घेतलं होतं, कारण तिथे लाइटीचा भरवसा नव्हता आणि वायर ओढत बसायला नको. फार सोयीची वस्तू, खरंच. गेलो की पिशवीतून ते काढायचो आणि काम शोधायचो. नळी पायात येऊ नये म्हणून भिंतीला हूक. न्हाणीत धरायला दांडी. औषधांसाठी फळी. कडी सैल आहे, बिजागरी वाजते... एक झालं की दुसरं. अक्का खाटेवरून बघत असायची. एकदा म्हणाली, "बस ना रे बापू, दोन घडी. त्या भितले काय व्हयनं?" मी म्हणालो, एवढा एक स्क्रू. ती म्हणाली, "तू येस, भितले भोक पाडस, नि चालना जास." भिकनची आई फिदीफिदी हसली, मीही हसलो, आणि पुढचं भोक पाडलं. तिच्याजवळ बसलं की तिचा श्वास ऐकू यायचा. ड्रिलच्या आवाजात तो ऐकू येत नसे.

तो उन्हाळा तसाच निभावून गेला असता. पण अक्काच्या मनात एक गोष्ट सलत होती, आणि ती आम्हाला कुणालाच दिसली नव्हती. पॅनल बसल्यापासून गल्लीला धाबं उरलं नव्हतं. बायका काही बोलल्या नाहीत. कुणी अंगणात, कुणी खाटेवर, कुणी शाळेच्या कट्ट्यावर आपलं वाळवण घालायला लागल्या. धूळ बसायची, कुत्री तोंड घालायची. अक्काला वाटायचं, आपल्या एका श्वासासाठी आपण सगळ्या गल्लीचं ऊन घेऊन बसलोय. म्हणून वैशाखात तिनेच बायकांना निरोप पाठवला, या, चीक घेऊन या, जागा आहे.

त्या रविवारी मी ड्रिल घेऊनच धाब्यावर गेलो, पॅनलचा एक क्लॅम्प सैल झालाय असं भिकन म्हणाला होता म्हणून. वर जाऊन पाहतो तर पॅनल दिसेचनात. त्यांच्यावर जुनी पातळं, धोतरं ताणून बसवलेली, आणि त्यांवर ओळीने पांढऱ्याशुभ्र कुरडया. आदल्या दिवशी घातलेल्या, संध्याकाळी उचलून सकाळी पुन्हा पसरलेल्या, अर्धवट वाळलेल्या. खालच्या कडेला घसरू नयेत म्हणून विटा लावलेल्या. सगळं इतकं टापटीप होतं की मी आधी मोठ्याने हसलो. पलीकडे उभ्या बायका म्हणाल्या, "काच कशी तापस भाऊ! चार दिननं काम दोन दिनमा व्हस." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. उन्हाकडे तोंड करून ठेवलेली, तापलेली, धुतलेली, गुळगुळीत जागा. कुरडई वाळवायला याहून चांगलं काही आपल्याकडे कुणी बनवलेलं नाही.

मग मला आदल्या संध्याकाळचा वळीव आठवला. धुळ्यातसुद्धा लाइट गेली होती. मी जिना उतरलो तो थेट इन्व्हर्टरपाशी. बॅटरी रिकामी झाल्याचा लाल दिवा लागलेला होता. मी अक्काकडे पाहिलं. ती नखांकडे पाहत होती.

"काय व्हयनं रातले?"

"काही नही. पहाटे जावईनी जरासा आराम करा."

हे तिने ज्या हलक्या आवाजात सांगितलं तो अजून माझ्या कानात आहे. मशीन बंद पडल्यावर भिकनच्या आईने सिलिंडर लावून दिला होता, उजाडल्यावर लाइट आली होती, झालं एवढंच. अक्काला काही त्रास झाला नव्हता. भिकन हातातलं काम टाकून आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "भाऊ, चूक कुरडयासनी शे, सोलरनी नही." एवढं सरळ होतं ते. पातळं काढा, कुरडया दुसरीकडे घाला, पुन्हा असं करू नका, एवढ्या तीन वाक्यांचा तो विषय होता. पण मी घाबरलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाला अट फार आवडते. शिवाय, आता लपवण्यात काय अर्थ आहे, माझ्या मनात कुठेतरी सुटकाही होती. ऑफिसात लोक विचारायचे, बहीण एकटी राहते का अजून? त्या प्रश्नाला आता उत्तर मिळणार होतं. मी म्हणालो, अक्का, तू कबूल केलं होतंस.

ती भांडली नाही. तेच मला सहन होत नाही. भांडली असती तर मी हरलो असतो, तिच्याशी भांडून मी आयुष्यात कधी जिंकलेलो नाही. तिने फक्त वर, धाब्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "वाळू दे तेस्ले. मंग जाऊत." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकांनी आपापल्या कुरडया डब्यांत भरून नेल्या, आणि त्यानंतर आम्ही अक्काला गाडीत बसवलं. जावई मागच्या सीटवर, पट्टा लावून. सगळी गल्ली रस्त्यावर आली होती. अक्का काचेतून सगळ्यांना सांगत होती, पाऊस पडला की येते.

देवपूरला तिला काही कमी नव्हतं, असं मी म्हणू शकतो. मशीन एकदाही थांबलं नाही. नंदाने तिचं सगळं सख्ख्या आईसारखं केलं. वैशाली जळगावहून सारखी येत होती. पण अक्का तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत पाहुणीसारखी राहिली. दुपारी ऊन खिडकीत आलं की नंदाला सांगायची, मिक्सर लावायचा असेल तर आत्ता लाव. नंदा म्हणायची, "अक्का, इथे केव्हाही लावता येतो." तिला ते पटायचं आणि पटायचंही नाही. संध्याकाळ झाली की भिंतीला धरत, दम घेत, ती घरभर फिरून दिवे मालवायची आणि आम्ही तिच्या मागे फिरून ते परत लावायचो. तिने कधी म्हटलं नाही की मला इथे करमत नाही. मशीनच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "जावईले आठे नही करमत." नंदा विचारायची, का हो, काय कमी पडलं त्यांना? "आवाज बदली गया त्यासना," अक्का म्हणायची. मी त्या मशीनचा फिल्टर दोनदा धुतला. खरंच धुतला...

मृग लागला. पहिल्या आठवड्यातच आभाळ दाटून बसलं. एका दुपारी मी तिच्या पायाशी बसलो होतो. त्या दिवशी हातात काही नव्हतं, ड्रिल नव्हतं, मोबाइलही नव्हता. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "एक रात माले घर ली चाल ना रे बापू. एकच."

मी खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ काळं होतं. मला पॅनल दिसले, ढगांखाली नुसते पडलेले. गावची लाइट तर या दिवसांत जाणारच. बॅटरी भरणार नाही, रात्र निघणार नाही. मला वाटलं, मी अगदी व्यवहारी विचार करतोय. मी म्हणालो, "पाऊस उघडला की नेतो, अक्का." हे मी तिच्याशी चक्क शहरातल्या मराठीत बोललो. ऑफिसात एखाद्याचं काम होणार नसलं की मी ज्या आवाजात बोलतो, त्याच आवाजात. तिला तो फरक कळला असणार. तिने मनगट सोडलं आणि माझा हात थोपटला, जणू मीच काहीतरी मागितलं होतं आणि ते मला मिळालं नव्हतं.

पाऊस उघडायच्या आधीच ती गेली.

परवा वैशालीचा फोन आला. जळगावला त्यांच्या ओळखीत एका म्हाताऱ्या गृहस्थांना ऑक्सिजनचं मशीन हवंय, आईचं देऊन टाकू या का? मी हो म्हणालो. अक्कानेही हेच केलं असतं. पण ते पोचवण्याआधी मी एक दिवस मागून घेतला. नंदाला खरं कारण सांगितलं. तिने डबा भरून दिला. मशीन गाडीत घालून मी गावाला गेलो. श्रावण आहे, पण ऊन-पावसाचा खेळ नव्हता. त्या दुपारच्यासारखंच आभाळ, सकाळपासून बंद. ओट्यावर बसलेला भिकन उठून उभा राहिला. "जावईले काबं लई उनात, भाऊ?" का आणलं ते सांगायच्या ऐवजी मी गाडीचं मागचं दार उघडलं. त्याने एका बाजूने मशीन उचललं आणि आम्ही ते आत नेलं, तिच्या खोलीत, खाटेशेजारी.

मी मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढला, म्हणजे मोठ्या लाइटीची मदत नको. बॅटरीत जे काही साठलं असेल आणि साठेल ते अशाच ढगाळ दिवसांचं. दिवसभर मी पॅनलकडे पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी तिच्या पद्धतीने एकेक करून सगळं बंद केलं. फ्रीज आधीच रिकामा होता. मग मशीन लावलं, डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं त्याच आकड्यावर. नळी उशीवर ठेवली, आणि खाली सतरंजी टाकून आडवा झालो. झोप लागणार नाही असं वाटलं होतं. पण लहानपणी तिच्या खाटेखाली झोपायचो तशी लागली...

सकाळी जाग आली ती मशीनच्या घरघरीने. पहिल्यांदा वाटलं, ती आहे. मग उठून इन्व्हर्टरपाशी गेलो. बॅटरी बरीच उतरली होती, पण संपली नव्हती. बाहेर पाऊस लागलेलाच होता. भिकन चहा घेऊन दारात आला, त्याने मशीनकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, उशीवरच्या नळीकडे पाहिलं, आणि मी काय केलं ते त्याला कळलं.

"चालना रातभर?"

"चालना."

त्याने चहाचा पेला फळीवर ठेवला आणि पॅनल पाहायला धाब्याचा जिना चढून गेला. मी खाटेच्या कडेला बसलो. आता कुठलंच काम उरलेलं नव्हतं. नळी उचलून तिचं टोक तळहाताजवळ धरलं. त्यातून बारीक, सारखी हवा येत होती. बोटांना लागत होती. चहा गार होईपर्यंत मी तसाच तिच्याजवळ बसून राहिलो.